‘इन्जस्टिस’ कुठे लिहावं, कुठे लिहू नये : सीमाभागातल्या अर्जदारांसाठी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर शाळा सुटली, अर्ज मात्र सुटले नाहीत. आजही आठवड्याला दोन-चार जण पडवीत येऊन बसतात. कुणाचा उतारा अडलेला, कुणाच्या पोरीची स्कॉलरशिप आलेली नाही, कुणाची पेन्शन मध्येच बंद पडलेली. कचेरीचा कारभार कन्नडमधून चालतो, आमची माणसं मराठी शाळेत शिकलेली. मग मधली भाषा म्हणून इंग्रजी धरतात, आणि त्या इंग्रजी अर्जात एक शब्द हमखास सापडतो : ‘इन्जस्टिस’.

गेल्या वर्षी एक तरुण आईच्या विधवा पेन्शनचा अर्ज घेऊन आला. एका पानावर ‘इन्जस्टिस’ सात वेळा. “तीन म्हयने फिरूलालोय सर,” म्हणाला, “कोण वाचूनच बघत नाही.” मी अर्ज दोनदा वाचला. अन्याय झालाय एवढं कळलं, पण नेमकं काय झालंय ते कळेना. खोदून विचारल्यावर निघालं ते असं : आईच्या आधार कार्डावर आडनाव ‘जाधव’ आणि रेशन कार्डावर ‘जाधवा’. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारतात. त्यामुळे मराठी आडनाव कन्नडमार्गे इंग्रजीत गेलं की त्याच्या शेपटाला एक अक्षर जादा चिकटतं. आपल्याकडे कितीतरी घरांत हे झालेलं आहे. दोन कागदांवरची नावं जुळेनात म्हणून पैसे थांबले होते. यात कुणी त्या बाईचं वाईट चिंतलं नव्हतं. ती चूक होती, आणि चुकीला इंग्रजीत ‘एरर’ म्हणतात.

तो अर्ज आम्ही चार वाक्यांत नव्याने लिहिला. तो पुढे देतोच. त्याआधी शब्द निवडायचा कसा, हे पायरीपायरीने बघू.

पहिली पायरी : घटना आधी, शब्द नंतर

मराठीत ‘अन्याय’ हा फार ऐसपैस शब्द आहे. धाकट्याला लाडू जास्त मिळाला तरी अन्याय, आणि निरपराध माणूस दहा वर्षं तुरुंगात सडला तरी अन्यायच. शेजारचा कन्नड माणूसही ‘अन्याय’च म्हणतो, आणि कोर्टाच्या पाटीवर दोन्ही लिप्यांत ‘न्यायालय’च असतं. दोन्ही भाषांतला हा शब्द संस्कृतातला आहे. इंग्रजीने मात्र ही जागा सात-आठ शब्दांत वाटून दिली आहे. म्हणून इंग्रजी लिहायला बसण्याआधी मराठीत एक वाक्य कागदावर मांडा : कुणी, कधी, काय केलं किंवा केलं नाही. त्या वाक्यात ‘अन्याय’ हा शब्द येऊ द्यायचा नाही. जमत नसेल, तर आपल्यालाच घटना नीट माहीत नाही असं समजून कागदपत्रं पुन्हा चाळा.

आता ते वाक्य कोणत्या घरात बसतं ते बघा.

कागदात चूक असेल तर ‘एरर’ किंवा ‘मिस्टेक’. दोन कागदांत फरक असेल तर ‘डिस्क्रेपन्सी’. हा शब्द जड वाटतो, पण कचेरीतल्या माणसाला तो रोज लागतो. त्यावरून दुरुस्तीचा रस्ता कुठला हे त्याला लगेच कळतं.

काम रखडलं असेल तर ‘डिले’. आपल्या कर्नाटकात यासाठी वेगळी वाट आहे. २०११ च्या सेवा हमी कायद्याखाली ‘सकाल’ योजना चालते. नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत, अर्ज दिला की जीएससी नंबराची पोच मिळते आणि कामाची मुदत ठरलेली असते. मुदत उलटली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. रक्कम किरकोळ आहे, पण अपिलात तो नंबर आणि ती तारीख फार उपयोगी पडते. ‘ग्रेट इन्जस्टिस हॅज बीन डन’ असं लिहिण्यापेक्षा जीएससी नंबर लिहा आणि पुढे ‘द टाइम लिमिट एक्स्पायर्ड ऑन’ म्हणून तारीख टाका. वाचणाऱ्याला त्यावर काहीतरी करावंच लागतं.

चूकही नाही, उशीरही नाही, वागणूकच वाकडी आहे, असं असेल तर पुढच्या पायरीवर या.

दुसरी पायरी : ‘अनफेअर’, म्हणजे जे रास्त नाही

‘फेअर’ म्हटलं की आपल्या डोक्यात आधी गोरा रंग येतो, क्रीमच्या जाहिरातींमुळे. मूळ जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘सुंदर’ असा होता. सुंदरवरून डाग नसलेला, त्यावरून स्वच्छ, आणि त्यावरून व्यवहारात स्वच्छ असा तो सरकत आला. शाळेतली ‘फेअर कॉपी’ ही मधल्या टप्प्याची आठवण आहे : खाडाखोड नसलेली वही. जत्रेला म्हणतात तो ‘फेअर’ मात्र वेगळा. तो लॅटिनमधल्या सणाच्या शब्दावरून आला. आणि ‘अनफेअर’ म्हणजे सावळा, असा अर्थ आजच्या इंग्रजीत होत नाही. हा गोंधळ मी नववीच्या वर्गात दर वर्षी पाहिला आहे.

‘फेअर’चा नेमका अर्थ कळायला रेशन दुकानाची पाटी बघा. इंग्रजीत ‘फेअर प्राइस शॉप’. आपल्या गावातल्या कन्नड पाटीवर ‘न्यायबेले अंगडी’, म्हणजे न्याय्य किमतीचं दुकान. आपण बोलताना ‘स्वस्त धान्य’ म्हणतो, आणि तिथे अर्थ निसटतो. फेअर म्हणजे स्वस्त नव्हे. देणाऱ्याला परवडेल आणि घेणाऱ्याला पटेल, तो फेअर भाव. महाराष्ट्राच्या सरकारी कागदांत ‘रास्त भाव दुकान’ असतं, तो शब्द अचूक आहे.

‘रास्त’ला निपाणीत मोठा इतिहास आहे. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. शेवटी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मारले गेले. त्यांची मागणी फुकटाची नव्हती, चढ्या भावाचीही नव्हती. ‘फेअर प्राइस’चं सगळ्यात चांगलं भाषांतर आपल्या भागातल्या लोकांनी रस्त्यावर बसून केलेलं आहे, असं मी वर्गात सांगत असे.

तेव्हा ‘अनफेअर’ म्हणजे रास्त नसलेलं, गैरवाजवी. नियम मोडलेलाच असायला हवा असं नाही. रीत मोडली तरी पुरतं. रांगेत मागून आलेल्याला आधी सोडलं, ते अनफेअर. हा शब्द वापरताना मागचं पुढचं छोटं अव्यय सांभाळा. ज्याच्यावर ओझं पडलं त्याच्यासाठी ‘टू’ किंवा ‘ऑन’ : ‘द न्यू टायमिंग इज अनफेअर टू स्टुडंट्स फ्रॉम व्हिलेजेस.’ ज्याने केलं त्याच्यासाठी ‘ऑफ’ : ‘इट वॉज अनफेअर ऑफ हिम टू कॅन्सल द बस विदाउट नोटीस.’ ‘टू’ आणि ‘ऑफ’ची अदलाबदल झाली तर फिर्यादीचा आरोपी होतो.

कायद्यात हा शब्द काही ठिकाणी पक्का बसलेला आहे आणि तिथे तो बदलायचा नसतो. परीक्षेतल्या कॉपीला ‘अनफेअर मीन्स’ म्हणतात. एसएसएलसीच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, सूचनांत तो वाचायला मिळेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनफेअर ट्रेड प्रॅक्टिस’ आणि ‘अनफेअर कॉन्ट्रॅक्ट’ या दोन स्वतंत्र व्याख्या आहेत. दुकानदाराने खोटी जाहिरात केली किंवा बिल द्यायचं नाकारलं, तर तक्रारीत पहिला शब्द घाला. ‘इन्जस्टिस’ घातला तर तक्रार कोणत्या तरतुदीखाली आहे हे वाचणाऱ्याला शोधत बसावं लागतं.

तिसरी पायरी : पंगत डोळ्यासमोर आणा

पक्षपात, भेदभाव आणि अन्याय यांतला फरक पोरांना सांगायला मला पंगतीपेक्षा सोपा दाखला सापडला नाही.

एकाच पंगतीत वाढपी ओळखीच्याच्या भातावर तुपाची धार सोडतो आणि शेजारच्याला नुसत्या वरणावर ठेवतो. याला मराठीत सुंदर शब्द आहे, पंक्तिप्रपंच. इंग्रजीत ‘पार्शॅलिटी’ किंवा ‘फेव्हरिटिझम’. इथे एक खड्डा आहे. ‘तो अधिकारी पक्षपाती आहे’ म्हणताना आपली माणसं ‘ही इज पार्शल टू देम’ लिहितात. इंग्रजीत ‘पार्शल टू’चा रोजचा अर्थ ‘आवड असणं’ : ‘आय अ‍ॅम पार्शल टू कुंदा’ म्हणजे मला कुंदा (बेळगावची मिठाई) आवडतो. अर्जात ‘ही शोज पार्शॅलिटी टोवर्ड्स देम’ किंवा ‘ही इज बायस्ड अगेन्स्ट अस’ लिहावं.

आता वाढपी म्हणतो, तुम्ही अमक्या जातीचे, अमक्या भाषेचे, तुम्ही या पंगतीत बसायचंच नाही. हे ‘डिस्क्रिमिनेशन’. यात वाढप्याची मर्जी एवढंच कारण नसतं. माणूस कोण आहे हे कारण असतं. शब्द ‘अगेन्स्ट’ घेऊन येतो : ‘डिस्क्रिमिनेटेड अगेन्स्ट’. हा आरोप मोठा आहे, म्हणून त्याला पुरावा लागतो : आमच्यासारख्याच दुसऱ्याला दिलं आणि आम्हाला नाकारलं, हे दाखवावं लागतं.

मराठी शाळांबद्दल लिहिणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. भेदभाव म्हटलं की सगळे संविधानाचं कलम १५ लिहितात. त्या कलमाच्या यादीत धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान आहे, भाषा नाही. भाषेचा उल्लेख शोधायचा तर कलम २९(२) : सरकारी किंवा अनुदानित शाळेत केवळ भाषेवरून प्रवेश नाकारता येत नाही. आणि कलम ३०(२) : संस्था भाषिक अल्पसंख्याकांची आहे म्हणून अनुदान देताना भेद करता येत नाही. शाळेच्या अर्जात ही दोन कलमं आली की ‘डिस्क्रिमिनेशन’ला पाय फुटतात.

आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पंगतीत, पाणवठ्यावर, देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांच्या बाबतीत? तिथे ‘अनफेअर’ म्हणणं म्हणजे त्यांच्या दुःखाची किंमत कमी करणं. तिथे शब्द एकच, ‘इन्जस्टिस’. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली ती या अन्यायासाठी.

चौथी पायरी : ‘इन्जस्टिस’, त्याच्या पूर्ण वजनासह

उच्चार इन्-जस्-टिस, जोर मधल्या ‘जस्’वर. शेवट ‘टाइस’ नाही. ‘नोटीस’, ‘सर्व्हिस’च्या घरातला.

लॅटिनमध्ये ‘यूस’ म्हणजे हक्क, कायदा. त्यावरून ‘जस्ट’, ‘जस्टिस’, ‘ज्युरी’. त्याच मुळातून ‘इन्जुरी’ही आला, हे वाचून पोरं चकित होत. आपण इन्जुरी म्हणजे जखम समजतो. मुळात तो शब्द हक्कावरच्या घावाचा. भारतीय दंड संहितेच्या कलम ४४ मध्ये ‘इन्जुरी’ म्हणजे शरीराला, मनाला, लौकिकाला किंवा मालमत्तेला बेकायदेशीरपणे पोचवलेली इजा, अशी व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिनेही ती व्याख्या ठेवली. म्हणून ‘इन्जस्टिस’ लिहिताना स्वतःला विचारायचं : माझा कोणता हक्क मोडला? हक्काचं नाव सांगता आलं, तर शब्द योग्य. नुसता राग सांगता आला, तर ‘अनफेअर’वर थांबावं.

व्याकरणातली ठेच इथे नेहमी लागते. नाम ‘इन्जस्टिस’, पण विशेषण ‘अन्जस्ट’. ‘इन्जस्ट’ आणि ‘अन्जस्टिस’ हे दोन्ही चूक. इंग्रजीत अशी बरीच कुटुंबं आहेत : अनएबल पण इनअ‍ॅबिलिटी, अनस्टेबल पण इनस्टॅबिलिटी, अनइक्वल पण इनइक्वॉलिटी. विशेषणाला इंग्रजीचा घरचा ‘अन्’ लागला, नाम मात्र लॅटिनकडून ‘इन्’सकट उचललेलं. ही यादी म्हणून पाठ करायची गरज नाही, चार जोड्या एकदा मोठ्याने वाचल्या की कानच चूक पकडतो.

दुसरी ठेच मराठीमुळे लागते. आपण म्हणतो ‘माझ्यावर अन्याय झाला’. त्या ‘वर’चं सरळ ‘ऑन’ होतं आणि अर्जात ‘इन्जस्टिस इज हॅपन्ड ऑन मी’ असं उमटतं. इंग्रजीत अन्याय माणसा‘वर’ होत नाही, माणसा‘ला’ होतो : ‘अ‍ॅन इन्जस्टिस हॅज बीन डन टू मी.’ त्याहून सोपं आणि स्वाभाविक : ‘आय हॅव बीन ट्रीटेड अन्जस्टली.’ एकेक घटना मोजायची असेल तर ‘इन्जस्टिसेस’ चालतं, आणि मोघम अन्याय म्हणायचा असेल तर एकवचनी, ‘अ‍ॅन’शिवाय. ‘ग्रॉस इन्जस्टिस’मधला ‘ग्रॉस’ म्हणजे पोत्यावरचं एकूण वजन नव्हे, ढळढळीत. हा शब्द मी अर्जात शक्यतो येऊ देत नाही. ढळढळीत असेल तर ते घटनेतूनच दिसतं.

आणखी एक वापर लक्षात ठेवा. ‘यू आर डूइंग हिम अ‍ॅन इन्जस्टिस’ याचा बोलण्यातला अर्थ बहुतेकदा ‘तू त्याच्याबद्दल चुकीचं मत करून घेतलंयस’ एवढाच. कोर्टाकडूनच भलत्याला शिक्षा झाली, आपल्या भाषेत चोर सोडून संन्याशाला सुळी, तर त्याला ‘मिसकॅरिज ऑफ जस्टिस’ म्हणतात. गावच्या भांडणात हा शब्दप्रयोग वापरू नये.

सीमाभागात या शब्दाला वेगळं वजन आहे, ते टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना अमलात आली आणि मुंबई राज्यातला आपला मुलूख म्हैसूर राज्यात गेला. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. एकच तारीख कर्नाटकात राज्योत्सवाची आणि इथल्या अनेक मराठी घरांत काळ्या दिवसाची. त्या दिवशीच्या फलकावर ‘इन्जस्टिस’ लिहिणारा माणूस आपल्या तीन पिढ्यांचं दुखणं त्या शब्दात घालत असतो. म्हणूनच स्पेलिंगच्या चुकीसाठी तो खर्चू नये, असं मला वाटतं. सीमाप्रश्नावर इंग्रजीत लेख लिहिणार असाल तर एक काळजी घ्या : दावा न्यायालयात आहे, तेव्हा ‘व्हॉट वी रिगार्ड अ‍ॅज अ‍ॅन इन्जस्टिस’, म्हणजे ‘आम्ही ज्याला अन्याय मानतो’, असं लिहावं. त्यात म्हणणं मवाळ होत नाही, आणि वाचणारा पुढचं वाक्य वाचतो.

दिसायला जवळचे आणखी तीन शब्द आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी पुरे. ‘इनइक्वॉलिटी’ म्हणजे विषमता, मोजता येणारी. ‘इनइक्विटी’ म्हणजे वाटणीतली गैररास्त तफावत. आणि ‘इनिक्विटी’ म्हणजे पाप, घोर अधर्म. शेवटच्या दोघांत एका अक्षराचाच फरक आहे. स्पेलिंग चुकलं तर तहसीलदारावर पापाचा आरोप होईल.

पाचवी पायरी : अर्ज बांधताना

अर्जासाठी सगळ्यात कामाचा शब्द मात्र वरच्यांपैकी एकही नाही. तो संविधानाच्या कलम ३५० मध्ये आहे : ‘ग्रीव्हन्स’. कुठल्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, त्या केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे मराठीतही. ‘गाऱ्हाणं’ला ‘ग्रीव्हन्स’ आणि ‘निवारण’ला ‘रिड्रेस’ हे शब्द त्या कलमातलेच आहेत. ‘काइंडली गिव्ह मी जस्टिस’ हे ‘मला न्याय द्या’चं शब्दशः इंग्रजी झालं. त्याऐवजी ‘आय रिक्वेस्ट रिड्रेस ऑफ माय ग्रीव्हन्स’ म्हणा, आणि पुढच्याच वाक्यात नेमकं काय हवं ते सांगा.

त्या विधवा पेन्शनचा अर्ज असा झाला :

‘माय विडो पेन्शन हॅज नॉट बीन पेड सिन्स जानेवारी. माय सरनेम इज स्पेल्ट डिफरंटली ऑन माय आधार कार्ड अँड माय रेशन कार्ड. कॉपीज ऑफ बोथ आर अटॅच्ड. आय रिक्वेस्ट यू टू करेक्ट द स्पेलिंग अँड रिलीज द पेन्डिंग अमाउंट.’

काय झालं, का झालं, काय हवं. मुलाला आधी पटलं नाही. “दम नाही सर ह्यात,” म्हणाला. मी म्हटलं, दम लागतो तो पुढच्या अर्जाला. दुरुस्ती होऊनही पैसे आले नाहीत, आणि त्याच दिवशी अर्ज दिलेल्या दुसऱ्या बाईला मात्र मिळाले, तर दुसऱ्या अर्जात ‘अनफेअर’ येईल. मुद्दाम भाषेवरून किंवा जातीवरून अडवलं हे दाखवता आलं, तर ‘डिस्क्रिमिनेशन’. आणि सगळी दारं ठोठावूनही हक्क मिळाला नाही, तर वरच्या अपिलात एकदाच, शेवटच्या परिच्छेदात, ‘इन्जस्टिस’. तिथपर्यंत जायची वेळ आली नाही. दोन महिन्यांनी पैसे खात्यात आले.

माहिती अधिकारात अर्ज करणार असाल तर यातला एकही शब्द नको. तिथे तक्रार करायची नसते, कागद मागायचा असतो : ‘माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्या.’ १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. तो कागद हातात आला की कोणता शब्द वापरायचा हे पुष्कळदा त्यातच दिसतं.

अर्ज झाला की एकदा मोठ्याने वाचा. कन्नड येणारा शेजारी असेल तर त्याच्याकडून वर दोन ओळींचा विषय कन्नडमध्ये लिहून घ्या. आमच्या गल्लीत असे शेजारी कधी नाही म्हणत नाहीत, आणि टेबलावरच्या कारकुनाचा अर्धा वेळ वाचतो. दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.